याजक म्हणजे फक्त बळी देणारा नव्हे

बायबलमधल्या याजकांवरच्या, म्हणजे लोकांच्या वतीने देवापुढे सेवा करणाऱ्यांवरच्या, या चर्चेत एकाने म्हटलंय, 'याजक म्हणजे बळी देणारा, यरुशलेमचं मंदिर पडलं तेव्हाच विषय संपला.' मला ते अपुरं वाटतं. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातलं पहिला महायाजक अहरोन याच्या पोशाखाचं वर्णन जरा सावकाश वाचा. खांद्यांवर दोन रत्नं, प्रत्येकावर इस्राएलाच्या सहा पुत्रांची नावं कोरलेली. छातीवरच्या ऊरपटात, म्हणजे छातीवर बांधायच्या चौकोनी पट्टीत, बारा रत्नं, तिथे पुन्हा तीच बारा नावं. देवासमोर पवित्रस्थानात जातो तो एकटाच, पण सगळ्या लोकांना खांद्यावर आणि हृदयाशी घेऊन. हे वाहून नेणंही याजकपणाच्या गाभ्यातलंच आहे.

नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात येशू याजकांच्या लेवी वंशातला नव्हे, यहूदा वंशातला. म्हणून तर लेखक मलकीसदेकाकडे, म्हणजे अब्राहामाच्या काळातल्या, लेवी वंशाबाहेरच्या याजक-राजाकडे वळतो. पुढे दहाव्या अध्यायात बाकीचे याजक रोज उभे राहून तेच तेच यज्ञ करतात, ख्रिस्त मात्र एकदाच अर्पण करून बसला. त्या 'बसला'पाशी मी दर वेळी थांबतो. काम पुरं झालं, हे त्या एका शब्दात आलं.

आणि हो, पेत्राच्या पहिल्या पत्रात (१ पेत्र २:९) 'राजकीय याजकगण', म्हणजे राजाचे याजक, असं सगळ्याच विश्वासणाऱ्यांना म्हटलंय. मंडळीतल्या वडिलांसाठी, म्हणजे ती चालवणाऱ्या ज्येष्ठांसाठी, नव्या करारातला ग्रीक शब्द 'प्रेस्बुतेरोस' आहे, याजकासाठी 'हिएरेउस'. इथली अर्धी चर्चा या दोन शब्दांची गल्लत झाल्यामुळेच अडली आहे.