कोव्हेंट्री: चर्चिलला आधीच माहीत होतं का? (शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी)

निपाणीकर:
स्पर्धेचा विषय आहे ‘गुपित की माणसं’. सगळीकडे एकच वाचायला मिळतं: एनिग्मा (जर्मनांचं संदेश गुप्त करायचं यंत्र) फोडल्यामुळं 14 नोव्हेंबर 1940 चा इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरावरचा जर्मन विमानांचा हल्ला ब्रिटिश पंतप्रधान चर्चिलला ठाऊक होता, पण गुपित राखायला त्यानं शहर जळू दिलं. भाषणात घालावं का? आणि भोंगा वाजवला असता तर जर्मनांना संशय आला असता, हे खरं का ओ?

टिळकवाडी_रेडिओ:
घालू नका. 1974 मध्ये ‘अल्ट्रा’चं (फोडलेल्या शत्रू-संदेशांतून मिळणाऱ्या माहितीचं) गुपित छापून आलं, तेव्हापासून ही गोष्ट फिरतेय. 11 नोव्हेंबरला उकललेल्या संदेशात ‘मूनलाइट सोनाटा’ नावाच्या मोठ्या हल्ल्याची तयारी होती, पण गावांना टोपणनावं होती. ‘रेगेनशिर्म’ म्हणजे छत्री. नेहमी छत्री बाळगणारे माजी पंतप्रधान चेंबरलेन बर्मिंगहॅमचे, म्हणून ते गाव ओळखता आलं. ‘कोर्न’ म्हणजे धान्य. ते कोव्हेंट्री असेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. चर्चिल त्या दिवशी लंडनबाहेर निघाला होता, तो हल्ला लंडनवरच होणार असं समजून वाटेतूनच परत फिरला.

शहापूर_बेळगाव:
भोंग्याचं उत्तर सोपं आहे. भोंग्याला एनिग्मा लागतच नव्हतं. किनाऱ्यावरचं रडार आणि आत देशभर ऑब्झर्व्हर कोअरची (आकाशावर नजर ठेवणाऱ्या दलाची) माणसं विमानं हेरायची. मग टेलिफोन एक्स्चेंजमार्फत आधी पिवळा इशारा (फक्त अधिकाऱ्यांना), मग जांभळा (दिवे बंद), मग लाल. लाल आला की भोंगा. कोव्हेंट्रीतही बॉम्ब पडायच्या आधी भोंगा वाजला होता. पेच असलाच तर आदल्या दिवशी गाव रिकामं करण्याचा, कारण ते रडारच्या नावावर खपलं नसतं.

टिळकवाडी_रेडिओ:
बरोबर. खरी चूक वेगळ्याच ठिकाणी झाली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. वाट दाखवणारी जर्मन विमानं ‘एक्स-गेरेट’ या रेडिओ यंत्रणेवर चालायची. लक्ष्याकडे जाणारा एक मुख्य रेडिओ किरण, त्याला छेदणारे तीन. बॉम्ब सोडायच्या जागेच्या 10 किलोमीटर आधीच्या किरणावर (आपल्याकडं सांबऱ्याहून बेळगाव गाठायचं एवढं अंतर) घड्याळाचा एक काटा सुरू. 5 किलोमीटरवर तो थांबवून दुसरा सोडायचा. दुसऱ्यानं पहिल्याला गाठलं की बॉम्ब आपोआप सुटायचे. ताशी 300 किलोमीटर धरा, म्हणजे एकेक टप्पा मिनिटभराचा. वाऱ्यानं वेग कमी-जास्त झाला तरी हिशेब त्यातच आला.

किरणावरचा सूर 2000 हर्ट्झचा. ब्रिटिशांनी त्यात गोंधळ घालायला पाठवलेला सूर 1500 चा. विमानातल्या रेडिओ सेटमधली चाळणी (फिल्टर) इतकी बारीक की 1500 बाहेरच राहायचा आणि वैमानिकाला आपला किरण स्वच्छ ऐकू यायचा. 1500 ला षड्ज धरला तर 2000 हा थेट शुद्ध मध्यम! सुळेभावीच्या, कुमार गंधर्वांच्या मुलखात हा फरक कुणाला सांगायला नको. त्या रात्री कोव्हेंट्रीत 568 माणसं गेली.

खानापूर_घाट:
6 नोव्हेंबरलाच असा सेट असलेलं एक विमान दक्षिण इंग्लंडमधल्या वेस्ट बेच्या किनाऱ्यापाशी पडलं होतं. ‘आधी आमचं’ म्हणत सैन्य आणि नौदल भांडत बसले, तोवर भरतीचं पाणी चढलं. वाळूनं भरलेला सेट तपासून चाळणी मोजेपर्यंत हल्ला होऊन गेला.

निपाणीकर:
मग विषयाला उदाहरण कुठलं देऊ?

शहापूर_बेळगाव:
भूमध्य समुद्र घ्या. 1941 पासून इटालियन नौदलाच्या सी-38एम या सांकेतिक यंत्राचे संदेश फोडून आफ्रिकेकडे जाणारी मालजहाजं कुठं आहेत ते ब्रिटिशांना कळायचं. पण थेट बुडवायची नाहीत. आधी एक टेहळणी विमान त्यांच्या डोक्यावरून जायचं, मुद्दाम दिसेल असं, म्हणजे ‘आपल्याला त्यानं बघितलं’ असंच इटालियनांना वाटावं. विमान पाठवायला हवामान बिघडलं तर जहाज सोडून द्यायचं की गुपित पणाला लावायचं, हा पेच तिथं खराच होता. पाच मिनिटांचं भाषण असेल तर एवढंच पुरे, घड्याळाचे काटे सोडा.