मदत हवी आहे: सिमसिटी ४ मध्ये धक्क्याचे तुकडे किनाऱ्यावर सलग बसत नाहीत

नमस्कार मंडळी,

सिमसिटी ४ या शहर उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये जुन्या बंदरासारखा दगडी धक्का उभारतोय. डाउनलोड केलेले तुकडे एका टाइलचे (नकाशावरच्या एका चौकोनाचे), म्हणजे १६ × १६ मीटरचे आहेत. किनारा सरळ असेल तिथे सुरेख बसतात. जरा तिरका झाला की तुकडा ठेवताच खालची जमीन आपोआप सपाट होते, शेजारचा तुकडा वर उचलला जातो आणि मधे मातीची फट दिसते. कोपऱ्याचा तुकडा तर ठेवताच येत नाही, चौकोन लालच राहतो.

आधी काठाने रस्ता ओढून जमीन एका पातळीत आणली, मग रस्ता पाडून तिथे तुकडे ठेवले. ही युक्ती बरीच लागू पडली, पण पाण्याकडची कड अजून वेडीवाकडीच आहे.

गेममध्ये समुद्राची पातळी २५० मीटर असते. मग काठ त्याच्या किती वर ठेवायचा? कोपरे आधी बसवायचे की शेवटी? आणि तिरक्या किनाऱ्यासाठी कोणी लॉट एडिटरमध्ये (गेमसाठी असे तुकडे स्वतः बनवायच्या साधनात) वेगळा तुकडा बनवलाय का? स्क्रीनशॉट असेल तर फारच उत्तम. या धक्क्यावर तीन आठवडे घालवलेत, अर्धवट सोडवत नाही.