मदत हवी आहे: बेडकांच्या तारखा एक वर्ष मागे जाताहेत

बडोदेकरीण: तातडीचं आहे. जुन्या वहीवरून एक्सेल करतेय. बेडूक, सरडे, साप मिळून २१४ नोंदी. ५७ वजा केले की तारीख एक वर्ष मागे जाते. नावंही नेटवर सापडत नाहीत. सोमवारी द्यायचंय.

विहिरीतला: कशातून ५७? कसली वही?

निवृत्त_प्रयोगशाळा: बाटल्या फॉर्मेलिनमध्ये आहेत का? आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. फॉर्मेलिनमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेले नमुने मी हातात भुगा होताना पाहिलेत. लेबल पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनची शाई उतरते.

बडोदेकरीण: काका, बाटल्या माझ्याकडे नाहीत, फक्त वही आहे. संग्रहालयाची. नोंद अशी: "राना टायग्रिना, संखेडा, जि. बडोदे, आषाढ वद ७, सं. १९८४".

विहिरीतला: अगं, संवत आहे हे पहिल्यांदाच सांगायचं ना!

राजवाडा_इंदूर: विक्रम संवतातून ५७ वजा. १९२७. आमच्याकडे लहान पोरालाही येतं.

सुरसागर: भाऊ, तुमचं वर्ष चैत्रात बदलतं, गुजरातेत कार्तिकात, दिवाळीच्या पाडव्याला. आषाढात ५६ च वजा. म्हणजे जुलै १९२८.

राजवाडा_इंदूर: संवत एकच असतो हो. पंचांग बघा.

सुरसागर: पंचांगच बघतोय. कार्तिक सुद १ पासून ३१ डिसेंबरपर्यंत ५७, पुढे आश्विन संपेपर्यंत ५६. ताई, वहीत इंग्रजी तारीख शेजारी असलेली एखादी नोंद शोधा, तिच्यावरून ताळा करा.

राजवाडा_इंदूर: म्हणजे ५७ पण बरोबर. मग मी काय म्हणत होतो?

मगरमित्र: विश्वामित्री नदीतल्या मगरींच्या नोंदी आहेत का त्यात? मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत सहा फुटी आली होती. वनखात्याला फोन करा, स्वतः दोरी टाकू नका.

बडोदेकरीण: मगर नाही हो. नावांचं कुणी सांगा.

विहिरीतला: राना टायग्रिना म्हणजे आताचा होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, आपला मोठा पिवळा-हिरवा बेडूक. ब्यूफो मेलॅनोस्टिक्टस असेल तर डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. पण जुनं नाव खोडू नका. वहीतलं जसंच्या तसं एका रकान्यात, आजचं शेजारी. गावाचंही तसंच. संखेडा २०१३ पासून छोटाउदेपूर जिल्ह्यात आहे. "बडोदे" बदलून टाकलंत तर मूळ नोंदीत काय होतं ते कुणालाच कळणार नाही. नुसता "बडोदे" शब्द बघून नकाशावर शहराच्या मधोमध टाचणीही मारू नका.

बडोदेकरीण: तसंच केलं होतं. सगळे बेडूक कामाठीबागेत. 😭

निवृत्त_प्रयोगशाळा: अल्कोहोल दरवर्षी तपासा, उडून जातं.

बडोदेकरीण: पान ९ वर सापडली. "मार्गशीर्ष सुद ३", शेजारी नोव्हेंबर १९२७. संवत १९८४ च! म्हणजे मार्गशीर्षाला ५७, आषाढाला ५६. आता सगळ्या नोंदी महिना बघून परत करायच्या.

राजवाडा_इंदूर: मी ५७ म्हणालोच होतो.