घरातला थ्रीडी टीव्ही प्रेक्षकांच्या आळसामुळे बुडाला नाही

ओसरी (धागालेखिका):
परवा येथेच 'फ्रेमदरफ्रेम' यांनी लिहिले की, "थ्रीडी टीव्हीत काहीच उणे नव्हते, सोफ्यावर लोळणाऱ्यांना नाकावर चष्मा ठेवण्याचाही आळस आला, म्हणून एक उत्तम तंत्र मेले." एरवी मी अशा विधानांच्या वाटेला जात नाही. परंतु २०११ साली हौसेने असा संच घेतलेल्या आणि आजही तोच संच साध्या टीव्हीसारखा वापरणाऱ्या घरातली मी आहे, त्यामुळे हा 'आळशी' शब्द थेट आमच्या दारात येऊन पडला आहे.

आमच्या घरी माणसे सहा होती आणि खोक्यात चष्मे निघाले दोन. अमेरिकेत त्या काळी बॅटरीवर चालणाऱ्या एकेका चष्म्याला दीडशे डॉलरच्या आसपास मोजावे लागत. आमच्या दुकानदाराने जो भाव सांगितला तो ऐकून सासऱ्यांनी "मग आम्ही खिडकीतूनच बघू" असे सुनावले. तरीही पैशांचा प्रश्न मी गौण मानते, कारण खरी अडचण चष्मे डोळ्यांवर चढल्यानंतर सुरू झाली. आमच्याकडे टीव्ही पाहणे हे स्वतंत्र काम कधीच नव्हते. टीव्ही चालू असताना भाजी निवडली जाते, मुलाची वही तपासली जाते, सासूबाईंच्या वाती वळून होतात आणि मध्येच कोणी शेजारी येऊन बसते. त्या काळ्या काचांतून हातातली मेथी दिसत नाही. चष्मा काढावा तर पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला दुसरी कडा फुटलेली दिसते. म्हणजे चष्मा नसलेल्याने उठून जावे आणि असलेल्याने हातातले सगळे खाली ठेवावे, अशी त्या यंत्राची अट होती. थिएटरात ही अट आपण आनंदाने पाळतो, कारण तेथे अंधार असतो आणि तिकीट काढलेले असते. 'छोटा चेतन' पाहताना माझी स्वतःची काहीही तक्रार नव्हती. घरी ती अट कोणी पाळली नाही, आणि ज्याला आळस म्हटले जाते आहे ते इतकेच आहे.

फ्रेमदरफ्रेम:
'आळस' हा शब्द बोचला असेल तर त्या जागी 'अनास्था' वाचावे, माझी हरकत नाही. मेथीचा मुद्दाही मान्य. जगभरातील कंपन्यांनी मेथी निवडण्याची चाचणी घ्यायला हवी होती, हे मी नम्रपणे नोंदवतो.

आता गंभीरपणे. 'अवतार' हा थ्रीडी चित्रपट डिसेंबर २००९ मध्ये आला, आणि लगेच जानेवारी २०१० मध्ये लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात झाडून सगळ्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीडी संच मांडले. त्याआधी काय झाले होते? अमेरिकेत १२ जून २००९ रोजी जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले होते, आणि त्या आसपास असंख्य घरांनी नुकताच नवा सपाट टीव्ही घेतला होता. ज्याच्या संचाचे हप्ते फिटलेले नाहीत, त्याला सहा महिन्यांत दुसरा संच विकायला जाणे हा शुद्ध वेडेपणा होता.

त्याहून मोठे पाप पुढचे आहे. ज्या चित्रपटासाठी लोक हा संच घेतील, त्या 'अवतार'ची थ्रीडी ब्लू-रे तबकडी डिसेंबर २०१० मध्ये निघाली ती पॅनासॉनिकच्या मालासोबतच मिळे. बाजारात ती सुटी यायला २०१२ चा उत्तरार्ध उजाडला. 'श्रेक'साठी तुम्ही सॅमसंगच्या दारात उभे राहायचे. एका कंपनीचा चष्मा दुसरीच्या संचावर चालत नसे, आणि चष्म्यांचे समान मानक ठरवण्यासाठी पॅनासॉनिक, सॅमसंग आणि सोनी एकत्र आल्या त्या ऑगस्ट २०११ मध्ये, म्हणजे घोडे पळून गेल्यावर तबेल्याचे दार कोणत्या कुलपाने लावायचे यावर बैठक. अशा वेळी 'लोकांना नकोच होते' असे म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला भूक नव्हती असे म्हणण्यासारखे आहे.

आणि मुळात साध्या कॅमेऱ्याने काढून नंतर घाईघाईने थ्रीडी केलेल्या चित्रपटांबद्दल कोणीच कसे बोलत नाही? २०१० चा 'क्लॅश ऑफ द टायटन्स' सुमारे दहा आठवड्यांत रूपांतरित करून पडद्यावर ढकलला गेला. माणसांचे चेहरे पुठ्ठ्यातून कापून एकामागे एक उभे केल्यासारखे दिसत होते. हीच घाण पुढे रिमोटवरच्या एका बटणात आली, जे दाबले की कोणतीही मालिका आपोआप 'थ्रीडी' होत असे. असले चित्र पाहून ज्यांनी नाक मुरडले, त्यांनी खरे थ्रीडी कधी पाहिलेच नाही.

लेस्टरकर:
उपाशी माणसाचा दृष्टान्त सुरेख आहे, परंतु आम्हाला येथे ब्रिटनमध्ये ताट वाढलेले होते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा बीबीसीने थ्रीडीत दाखवला, आणि त्यासाठी वेगळे पैसे नव्हते. तेव्हा ब्रिटनमध्ये थ्रीडी संच असलेली घरे सुमारे १५ लाख असावीत असा अंदाज होता आणि त्यांपैकी साधारण निम्म्याच घरांनी तो सोहळा थ्रीडीत पाहिला. संच आहे, चष्मे आहेत, कार्यक्रम फुकट आहे आणि प्रसंग आयुष्यात एकदा येणारा आहे, तरीही निम्म्या घरांना तसदी घ्यावीशी वाटली नाही. पुढच्याच वर्षी बीबीसीने हा प्रयोग थांबवला, आणि घरी हे पाहणे लोकांना कटकटीचे वाटते हे कारण स्पष्टपणे सांगितले. अमेरिकेत ईएसपीएनची थ्रीडी वाहिनी जून २०१० मध्ये फुटबॉलच्या विश्वचषकासोबत सुरू झाली आणि २०१३ मध्ये बंद पडली. ब्रिटनमधली स्कायची वाहिनी २०१५ पर्यंत तग धरून होती.

आमच्या घरचे सांगतो. विम्बल्डनच्या अंतिम सामन्याला आठ मित्र बोलावले होते आणि चष्मे चार होते. पहिला सेट संपायच्या आत त्या चौघांनीच "साधे लाव रे" म्हटले, कारण बाकीच्या चौघांशी बोलता येत नव्हते.

फ्रेमदरफ्रेम:
पंधरा लाखांपैकी निम्म्या घरांनी पाहिला, हे अपयश आहे का? मला तर ते यश वाटते. स्काय वगळता वाहिन्या पहिल्या तीन-चार वर्षांतच गुंडाळल्या गेल्या. रंगीत टीव्हीला इतकी घाई कोणी लावली होती?

डावा_डोळा:
मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे, म्हणजे डॉक्टरच त्याला तसे म्हणतात, त्यामुळे 'फ्रेमदरफ्रेम' यांचे विशेषण निदान मला तरी शास्त्रशुद्ध लागू पडते. मला थ्रीडी दिसतच नाही. २०१० साली सगळे कुटुंब "अहाहा" करत असताना मी तेथे काळा चष्मा लावून नुसता अंधूक टीव्ही पाहत बसलेला होतो. 'हाउस ऑफ वॅक्स' हा १९५३ चा गाजलेला थ्रीडी चित्रपट ज्याने केला त्या आंद्रे द टॉथला एकच डोळा होता, ही गोष्ट तेव्हापासून मी प्रत्येक लग्नात सांगतो.

मात्र ज्यांचे दोन्ही डोळे धड आहेत, त्यांचीही घरी फसवणूकच होत होती, आणि तिचे गणित सोपे आहे. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते. थिएटरच्या बारा मीटर रुंद पडद्यावर दूरच्या डोंगराची डाव्या डोळ्यासाठीची आणि उजव्या डोळ्यासाठीची प्रतिमा एकमेकींपासून सहा सेंटिमीटर सरकवलेली असेल, तर पंधरा मीटरवर बसलेल्या माणसाला तो डोंगर जवळजवळ दोनशे मीटर लांब भासतो. तेच चित्र एक मीटर रुंदीच्या टीव्हीवर आणले की सहा सेंटिमीटरचे अर्धा सेंटिमीटर होते. आणि अडीच मीटरवरून पाहणाऱ्याला डोंगर टीव्हीच्या मागे वीतभर अंतरावर उभा दिसतो. सह्याद्री भिंतीतल्या कपाटात ठेवलेला! चित्र बाहुलीघरासारखे का वाटे, याचे उत्तर यात आहे.

कोणी म्हणेल की टीव्हीसाठी वेगळे चित्रण करून ते अंतर वाढवावे. ते करता येते, पण मग डोके दुखते. डोळ्यातले भिंग अडीच मीटरवरच्या काचेवर स्थिर असते आणि दोन्ही बुबुळे मात्र पुढच्या किंवा मागच्या भलत्याच बिंदूकडे वळतात; आयुष्यभर जोडीने चाललेल्या या दोन हालचालींची फारकत होते. बर्कलीच्या संशोधकांनी २००८ मध्येच, म्हणजे हे संच बाजारात येण्याआधी, यातून शीण येतो हे प्रयोगांनी दाखवले होते. थिएटरात पडदा इतका लांब असतो की भिंगाला फारसे काम उरत नाही, त्यामुळे तेथे ही फारकत कमी जाणवते. घर जितके लहान, तितका त्रास अधिक.

फ्रेमदरफ्रेम:
गणित निर्विवाद आहे, हे मला जड अंतःकरणाने मान्य करावे लागते. फक्त एवढेच म्हणतो की मी माझ्या संचावर सलग तीन तास चित्रपट पाहिले आहेत आणि माझे डोके एकदाही दुखलेले नाही.

चोकस्टार्टर:
तुमचे डोके दुखले नाही कारण तुम्ही अंधारात बसत असाल. मूळ रोग कोणी सांगतच नाही, आणि तो म्हणजे ट्यूबलाइट. जुन्या लोखंडी चोकवरची नळी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. दोन्ही डोळ्यांना आळीपाळीने चित्र दाखवण्यासाठी बॅटरीच्या चष्म्याची प्रत्येक काच सेकंदाला साठ वेळा उघडझाप करत असेल तर या दोन लयींचा मेळ बसत नाही, आणि सगळी खोली फडफडू लागते. माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशी स्टार्टर बदलला, दुसऱ्या दिवशी नळी बदलली आणि तिसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. बॅटरी नसलेल्या साध्या ध्रुवीकरणाच्या चष्म्याचा, म्हणजे पॅसिव्ह प्रकारचा टीव्ही घेतला असता तर हे काहीच झाले नसते.

फ्रेमदरफ्रेम:
पॅसिव्ह! त्यात प्रत्येक डोळ्याला पडद्यावरच्या १०८० पैकी ५४० च ओळी मिळतात. पूर्ण पैसे देऊन अर्धे चित्र घरी आणायचे असेल तर आपली मर्जी. राहिला ट्यूबलाइटचा प्रश्न. घरात इलेक्ट्रॉनिक चोक बसवा, तो फार वेगाने लुकलुकतो, डोळ्याला कळतही नाही. घराच्या वायरिंगचा दोष तंत्रज्ञानावर ढकलू नये.

चोकस्टार्टर:
वायरिंगला दोष देऊ नका, आमच्याकडे वायरिंग उत्तम आहे. आणि त्या १०८० ओळींचे कौतुक मला सांगू नका. तुमच्या बॅटरीच्या, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह चष्म्यात प्रत्येक डोळा निम्मा वेळ बंदच असतो. अर्धा वेळ मिळालेले पूर्ण चित्र आणि पूर्ण वेळ मिळालेले अर्धे चित्र, यांत श्रेष्ठ कोण हे आपण बसून ठरवा.

लेस्टरकर:
अवांतर होते आहे, परंतु पॅसिव्हची भलामण ऐकून राहवत नाही. माझ्या भावाकडे पुण्यात तोच प्रकार होता. पॅसिव्ह संच डोळ्यांच्या पातळीवरून पाहिला तरच ठीक दिसतो. वरून किंवा खालून पाहिले की एका डोळ्याच्या ओळी दुसऱ्या डोळ्यात झिरपतात. भावाने टीव्ही भिंतीवर उंच लावलेला आणि घरातली मुले सतरंजीवर बसणारी. सोफ्यावरच्या दोघांना थ्रीडी दिसे, खालच्या पाच जणांना भुते दिसत.

चोकस्टार्टर:
मग टीव्ही खाली लावायचा. त्यात शास्त्र ते काय?

ओसरी (धागालेखिका):
धागा चोक आणि स्टार्टरवर गेला आहे, तो परत आणते, कारण तुम्ही तिघे भांडता भांडता माझेच म्हणणे मांडत आहात. एका प्रकारासाठी घरातले दिवे बदलायचे, दुसऱ्यासाठी भिंतीवरचा टीव्ही उतरवायचा आणि मुलांना सतरंजीवरून उठवायचे. दोन्ही प्रकारांत कुशीवर लोळून तर काहीच पाहता येत नाही, कारण प्रतिमा आडव्या सरकवलेल्या असतात आणि आपले डोळे एकाखाली एक आलेले असतात. जेवणानंतर रविवारी दुपारी आडवे होऊन टीव्ही पाहणे ज्यात शक्य नाही, ती वस्तू मराठी घरात टिकेल असे कोणाला वाटले होते? एका यंत्राने सहा माणसांना सरळ, समोर, ताठ आणि अंधारात बसायला सांगावे, आणि नाही बसले तर त्यांना आळशी ठरवावे?

'फ्रेमदरफ्रेम' यांचे कंपन्यांविषयीचे म्हणणे मला पटले आहे, तबकड्यांचा तो प्रकार मला ठाऊक नव्हता. पण सगळ्या तबकड्या फुकट वाटल्या असत्या तरी माझ्या सासूबाईंनी वाती सोडून चष्मा लावला नसता.

फ्रेमदरफ्रेम:
आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. त्यांच्यापुढे उद्योगाचा निभाव लागला नाही हे खरे दिसते. सॅमसंगने २०१६ मध्ये आणि एलजी व सोनीने २०१७ मध्ये हे संच सोडून दिले, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्यासारख्यांनी मात्र घेतलेल्या तबकड्यांचे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. एकट्याने, दार लावून, दिवे मालवून पाहिले तर ते चित्र आजही माझ्याकडच्या सर्व चित्रांत सुंदर आहे, एवढे मी म्हणणारच. 'एकट्याने' या शब्दावर आपण बोट ठेवणार, हे ठाऊक असूनही लिहितो आहे.

एक विनंती आहे. माझ्या दोनपैकी एका चष्म्याची आतली बॅटरी गेली आणि ती बदलता येत नाही. आपले चष्मे वापरात नसतील तर योग्य किमतीला मला द्याल का? आपण मागे लिहिलेल्या एका प्रतिसादावरून संचाची कंपनी एकच दिसते.

ओसरी (धागालेखिका):
किंमत नको. दोन्ही चष्मे माळ्यावर खोक्यासकट आहेत, कुरिअरने पाठवते. फक्त आधी एक तपासून सांगा: आमचा संच २०११ चा आहे आणि त्याचे चष्मे ब्लूटूथवर चालतात. त्याच कंपनीचे आदल्या वर्षीचे संच इन्फ्रारेडचे होते. तुमचा कोणता?

फ्रेमदरफ्रेम:
२०१० चा.