संशयाने देवाचं मन दुखावतं का?

प्रश्न:
जय ख्रिस्त. विश्वासावाचून देवाला संतोषवणं अशक्य, असं बायबलमधलं इब्री ११:६ सांगतं. मग प्रार्थनेला बसल्यावर मनात शंका डोकावली, तर देवाच्या अंतःकरणाला काय होतं? याकोब १:६-७ वाचलं की संशयी माणसाने काही मागूच नये असं वाटतं.

उत्तर १:
संशय आणि अविश्वास यांची गल्लत इथे होते. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालताना बुडू लागला तेव्हाचा ग्रीक शब्द आहे 'दिस्ताझो', म्हणजे मन दोन ठिकाणी असणं. नव्या करारात तो दोनदाच येतो: मत्तय १४:३१ आणि २८:१७. दुसऱ्या जागी येशूला नमन करतानाच काहींना संशय आला, आणि त्यांना न गाळता लगेच पुढे सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा आहे. १४:३१ मधला क्रमही बघा: आधी हात धरला, मग 'अल्पविश्वासी' म्हटलं.

येशूच्या गावाचं, नासरेथचं, तसं नाही. तिथे शब्द 'अपिस्तिया', न मानणं. येशूला आश्चर्य वाटल्याचं शुभवर्तमानांत दोनच प्रसंगी लिहिलंय: शताधिपतीचा (रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याचा) विश्वास पाहून (मत्तय ८:१०) आणि स्वतःच्या गावाचा अविश्वास पाहून (मार्क ६:६).

उत्तर २:
दुःखाचा उल्लेख जुन्या करारात स्पष्ट आहे. स्तोत्र ७८:४० म्हणतं, रानात त्यांनी त्याला कितीदा खिन्न केलं! पण ते लोक कोण? इस्राएली: समुद्र दुभंगलेला पाहिलेले, मान्ना (देवाने रानात दिलेलं अन्न) खाल्लेले, आणि तरी पाठ फिरवणारे. उलट स्तोत्र १३ मध्ये पहिल्या दोन ओव्यांत चारदा 'कोठवर' आहे, स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. ही गाऱ्हाणी देवाने प्रार्थना म्हणूनच ठेवली.

उत्तर ३:
'देवाला वाईट वाटतं' हे जपून म्हणावं. १ शमुवेल १५:११ मध्ये देव पस्तावतो, आणि त्याच अध्यायाच्या २९व्या वचनात तो पस्तावायला माणूस नाही असं म्हटलंय. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारातही (प्रॉटेस्टंट विश्वासाच्या लेखी कबुलीत) देव विकाररहित, म्हणजे भावनांच्या लाटांनी न हलणारा, आहे. याचा अर्थ तो कोरडा आहे असा नव्हे. आपल्या चढउताराने त्याचं प्रेम हेलकावत नाही, एवढाच. ते प्रेम कसं दिसतं ते मित्र लाजाराच्या कबरेकडे जाताना दिसतं: येशू रडला (योहान ११:३५).

उत्तर १ (पुन्हा):
सहमत. आता याकोबाचं. संशयी माणसाला १:८ मध्ये लावलेला 'द्विबुद्धी' हा शब्द तो ४:८ मध्ये पुन्हा वापरतो, आणि तिथे विषय जगाशी मैत्रीचा आहे. दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याला तो झापतो, धडपडत येणाऱ्याला नाही. यहूदाच्या पत्राचं २२वं वचन तर संशय घेणाऱ्यांवर दया करायला सांगतं.

प्रार्थनेसाठी स्तोत्र १३ घ्या: १-२ तक्रार, ३-४ मागणी, ५-६ भरवसा. चूक होते ती घाईने पाचव्या ओवीवर उडी मारल्यामुळे. तक्रार आतच राहते आणि भरवसा नुसता तोंडचा होतो. तेवढंही जमत नसेल तर मार्क ९:२४ मधल्या, आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचं वाक्य पुरे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याच्याकडे याहून जास्त मागितलं नाही. मुलगा त्याच वेळी बरा झाला.