मदत हवी आहे: करार शिल्लक असताना डॅलसने मायका पार्सन्सला का सोडले?

नमस्कार मंडळी. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. मेस्सीच्या चाहत्यांनी आधीच क्षमा करावी. मी डॅलसजवळ राहतो, त्यामुळे ऑफिसात डबा उघडला की डॅलस काउबॉइज या संघाची चर्चा कानावर पडतेच. मैदानावरचा खेळ आता बऱ्यापैकी कळू लागला आहे. करारांचे गणित मात्र अजून डोक्यावरून जाते.

पार्सन्स हा बचाव फळीतला खेळाडू. त्याला डॅलसने २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बाराव्या क्रमांकावर घेतले. पहिला करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा पर्याय संघाने वापरल्यामुळे तो २०२५ च्या हंगामापर्यंत बांधलेला होता आणि त्या वर्षाचे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर वेतनही ठरलेले होते. मालक जेरी जोन्स यांनी मार्चमध्ये एजंटला वगळून त्याच्याशी थेट बोलणी केली. जोन्स म्हणतात की सौदा तेव्हाच ठरला होता, तर पार्सन्स म्हणतो की एजंटाशिवाय वाटाघाटी करण्याचा त्याचा हेतूच नव्हता. बोलणी रखडली आणि बाजारभाव चढत गेला. त्याच्यासारख्याच बचावपटूंपैकी क्लीव्हलंडने माइल्स गॅरेटला वर्षाला ४ कोटी दिले, तर जुलैत पिट्सबर्गने टी. जे. वॉटला ४ कोटी १० लाख दिले. १ ऑगस्टला पार्सन्सने जाहीरपणे ट्रेड (दुसऱ्या संघाकडे अदलाबदल) मागितला आणि २८ ऑगस्टला तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेलाही. त्याच्या बदल्यात डॅलसला २०२६ आणि २०२७ चे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतले दोन पिक (निवडीचे हक्क) आणि बचाव फळीतला केनी क्लार्क मिळाला. पार्सन्सला चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाखांचा करार मिळाला.

माझी पहिली शंका दंडाबद्दल आहे. सराव शिबिराला गैरहजर राहणाऱ्या अनुभवी खेळाडूला लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२० च्या सामूहिक करारानुसार दिवसाला ५० हजार डॉलर दंड होतो आणि संघाची इच्छा असली तरी तो माफ करता येत नाही, असे वाचले. मग पार्सन्स महिनाभर सराव न करता कसा राहिला? अटलांटाविरुद्धच्या सराव सामन्यात तर तो मैदानाच्या कडेला टेबलावर चक्क आडवा पडलेला टीव्हीवर दिसला. आपल्याकडे संप करणारा गेटाबाहेर बसतो. हा गेटाच्या आत येऊन झोपला!

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. २०२५ चा करार हातात होता आणि त्यानंतर फ्रँचाइझ टॅग (करार संपलेल्या खेळाडूला ठरावीक वेतनावर एकेक वर्ष अडकवून ठेवण्याचा संघाचा हक्क) लावून त्याला आणखी दोन वर्षे अडवता आले असते, म्हणजे कागदावर तीन वर्षे डॅलसच्या मुठीत होती. शिवाय १९९३ मध्ये डॅलसचाच खेळाडू एमिट स्मिथ करारासाठी असाच अडून बसला होता, काउबॉइज पहिले दोन्ही सामने हरले, त्यानंतर याच जोन्स यांनी करार केला आणि संघ सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. ज्यांनी हे एकदा अनुभवले आहे, त्या मालकांनी या वेळी खेळाडूच का विकला? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

आधी दंडाचे सांगतो. तो गैरहजेरीचा असतो. शिबिरात हजर राहायचे, बैठकांना बसायचे, मात्र पाठ आखडली आहे म्हणून मैदानात उतरायचे नाही, याला ‘होल्ड-इन’ म्हणतात. दुखण्याची तक्रार असलेल्या खेळाडूवर शिस्तभंग लादण्याच्या फंदात संघ सहसा पडत नाही. याउलट २०२४ मध्ये हासन रेडिक हा खेळाडू न्यूयॉर्क जेट्स या आपल्या संघाकडे फिरकलाच नाही. दंड वाढत गेला, सात सामन्यांचे वेतन बुडाले आणि अखेर ऑक्टोबरात तो हजर झाला.

टॅगबाबत तुम्ही म्हणता ती तीन वर्षे हिशेबात स्वस्तच होती. टॅगची रक्कम आधीच्या वेतनाच्या किमान १२० टक्के असते, म्हणजे २०२६ ला सुमारे २ कोटी ८८ लाख आणि पुढच्या वर्षी सुमारे ३ कोटी ४६ लाख. ग्रीन बे तर वर्षाला सरासरी ४ कोटी ७० लाख देत आहे. परंतु टॅगच्या कागदावर खेळाडू सही करत नाही तोवर तो करारबद्धच नसतो. त्यामुळे शिबिराला न येण्याचा दंड त्याला लागत नाही आणि त्याच्या सहीशिवाय त्याला ट्रेडही करता येत नाही. पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने २०१८ चा अख्खा हंगाम असाच घरी बसून काढला आणि सुमारे १ कोटी ४५ लाखांवर पाणी सोडले. पुढच्या वर्षी तो जेट्सकडे गेला. पार्सन्स २०२५ मध्ये करारबद्ध होता, म्हणजे त्याला विकण्यासाठी त्याची संमती लागत नव्हती. माझ्या मते जोन्स यांनी विकण्याची वेळ बरोबर साधली, किंमत मात्र कमी घेतली. बचाव फळीला धावता खेळ (चेंडू घेऊन धावत पुढे सरकणे) अडवणारा क्लार्कसारखा माणूस हवा होता, हे त्यांचे स्पष्टीकरण मला पटलेले नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. सही न केलेल्या टॅगची ही बाजू मला ठाऊकच नव्हती. एक उपप्रश्न आहे: सही होण्याआधी संघ स्वतःहून टॅग मागे घेऊ शकतो का?

प्रतिसाद २

होय. कॅरोलायनाने २०१६ च्या एप्रिलमध्ये जॉश नॉर्मनचा टॅग असाच काढून घेतला होता. दोन दिवसांत त्याने वॉशिंग्टनशी करार केला.