मड टॅक्स ही खरोखरच लूट आहे काय?

केटीकर
‘राज्याचा आयकर नाही म्हणून टेक्सासला धावता आणि मड टॅक्सच्या नावाखाली बिल्डरच्या कर्जाचे हप्ते फेडत बसता’ असे काल एका सदस्याने लिहिले आणि त्यावर माना डोलल्या, म्हणून हे सविस्तर उत्तर. शहराच्या हद्दीबाहेर ना पालिकेचे पाणी असते, ना सांडपाण्याची सोय. म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट (एमयूडी, म्हणजेच ‘मड’) ही स्थानिक सार्वजनिक संस्था तिथे रोखे काढते, बिल्डरने जलवाहिन्या, मलनिस्सारण आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांवर आधीच केलेला खर्च त्यातून त्याला परत मिळतो आणि रोख्यांची फेड घरमालक मालमत्ता करातून करतात. 100 डॉलर मूल्यांकनामागे 1 डॉलर दर असेल, तर 4 लाखांच्या घराला वर्षाला 4,000 डॉलर पडतात. घरे वाढत गेली की हा दर बहुधा उतरतो. ज्याला पाणी हवे, त्याने खर्च सोसावा, यात लूट कुठली?

निवडुंग
कालचे ते वाक्य माझेच होते आणि मी ते मागे घेत नाही. या रोख्यांना कौल कोण देते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. वस्ती उभी राहण्यापूर्वी बिल्डरने त्या माळावर तात्पुरते आणून ठेवलेल्या दोन-चार मतदारांनी कोट्यवधी डॉलरचे रोखे मंजूर केल्याच्या बातम्या टेक्सासच्या वृत्तपत्रांनी छापल्या आहेत.

वऱ्हाडी
मतदानाचा विषय निघालाच आहे, तर आमचेही ऐका. ग्रीन कार्डच्या रांगेत माझे केस पिकले; कर मी बिनचूक भरतो, परंतु मडच्या पाच संचालकांच्या निवडणुकीत मला मत नाही आणि ज्या शाळा डिस्ट्रिक्टला माझ्या करातला सर्वांत मोठा वाटा जातो, तिथेही नाही. आमच्या गल्लीतल्या बहुतेक मराठी आणि तेलुगू घरांची हीच कथा आहे.

केटीकर
तो नागरिकत्वाचा प्रश्न आहे, मडचा नव्हे. मंडळाच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. आपण किती वेळा गेलात?

वऱ्हाडी
आमच्या मंडळाची बैठक कामाच्या दिवशी भर दुपारी, वस्तीपासून तासभर अंतरावरच्या वकिलाच्या कचेरीत भरते. रजा आपण मंजूर करणार असाल, तर पुढच्या बैठकीला अवश्य जाईन.

फ्रीमाँटची मावशी
तुम्हा टेक्सासवाल्यांचे रडगाणे ऐकून हसू येते. 1978 च्या प्रपोझिशन 13 या जनमताने मंजूर झालेल्या प्रस्तावाने आमच्या कॅलिफोर्नियात मालमत्ता कराला साधारण 1 टक्क्याची वेसण घातली, तेव्हा नव्या वस्त्यांतल्या सुविधांसाठी 1982 मध्ये मेलो-रूस हा विशेष कराचा कायदा आणावा लागला. हा कर लावण्याच्या मतदानात वस्तीतले नोंदणीकृत मतदार 12 पेक्षा कमी असतील, तर जमीनमालकच एकरामागे एक या हिशेबाने मते देतात. तुमच्या बिल्डरला निदान माणसे तरी आणून बसवावी लागतात!

केटीकर
पुण्याच्या वेशीवरच्या कित्येक सोसायट्या मालमत्ता करही भरतात आणि टँकरही विकत घेतात. त्यापेक्षा हा हिशेब मला सरळ वाटतो.

निवडुंग
नळाला पाणी येते, एवढे मान्य. दर उतरतो, हेही मान्य. पण आमच्याकडे दर उतरला तसे मूल्यांकन चढले आणि बिल जिथल्या तिथे राहिले, त्याचे काय?

केटीकर
हा आक्षेप रास्त आहे. मात्र मूल्यांकनावर हरकत घेण्याची मुदत बहुधा 15 मे असते, हे तक्रारदारांना दर वर्षी जूनमध्येच आठवते.